काढा ठेवू नये, भरड ठेवावी

2020 च्या उन्हाळ्यात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली आणि घरोघरी काढ्याचं पातेलं गॅसवर चढलं. कोरोनाची ती साथ ओसरली, पण त्या दिवसांत लागलेली एक सवय अनेक घरांत टिकून राहिली. रविवारी मोठं पातेलंभर काढा उकळायचा, गाळून बाटलीत भरायचा, बाटली फ्रिजच्या दारात उभी करायची आणि शनिवारपर्यंत रोज थोडा थोडा प्यायचा. वैद्यांनी महिन्याभराची भरड, म्हणजे काढ्यासाठी जाडसर कुटलेलं औषध, लिहून दिली की नोकरी करणारी माणसं हाच मार्ग धरतात. त्यांची अडचण खरी आहे. सकाळच्या घाईत पंधरा-वीस मिनिटं गॅसपाशी उभं राहायला सगळ्यांनाच जमत नाही. पण बुधवारी बाटलीतून पेल्यात ओतलेलं औषध रविवारी केलेलं औषध उरलेलं नसतं. त्यातलं काय गेलं आणि त्यात नवीन काय आलं, हे समजून घेतलं तर ही सवय सोडणं सोपं जाईल.

आयुर्वेदात वनस्पतीतून औषध काढण्याच्या मूळ पद्धती, म्हणजे कल्पना, पाच आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ओल्या पाल्याचा पिळून काढलेला रस म्हणजे स्वरस, वाटून केलेला गोळा म्हणजे कल्क, उकळून आटवलेला तो क्वाथ म्हणजे आपला काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला हिम आणि उकळतं पाणी ओतून चहासारखा केलेला फांट. या पाचही कल्पनांत एक गोष्ट समान आहे. त्या लागतील तेव्हा, लागतील तेवढ्याच करायच्या असतात. साठवणीचा विचार या पाचांमध्ये नाहीच. तो पुढच्या कल्पनांमध्ये येतो, आणि तो फार हुशारीने येतो. त्याकडे आपण वळूच.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधर संहितेत शार्ङ्गधराने काढ्याचं जे माप दिलं आहे त्यात भरडीच्या सोळापट पाणी घालून ते आठव्या हिश्शापर्यंत आटवायचं असतं, तेही मातीच्या भांड्यात. वनस्पती किती कठीण आहे यावरून पाण्याचं प्रमाण बदलतं. पानं-फुलं असतील तर कमी, साली-मुळं असतील तर जास्त. आज बहुतेक वैद्य दोन चमचे भरड, दोन कप पाणी, अर्धा कप उरेपर्यंत आटवा, अशा भाषेत सांगतात. आटवून झाल्यावर हातात येतं ते गडद तपकिरी, कडसर-तुरट पाणी. या पाण्यात टॅनिन, अल्कलॉइड, ग्लायकोसाइड, थोडी साखर, थोडा स्टार्च, थोडी प्रथिनं आणि खनिजं असतात. औषधाच्या दृष्टीने ते मौल्यवान आहे आणि सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने ते जेवण आहे.

गरम काढा गाळून स्टीलच्या पेल्यात ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहत राहिलं तर बरंच कळतं. वाफ येत असते तेव्हा काढा स्वच्छ, पारदर्शक दिसतो. थंड होताना तो गढूळ होऊ लागतो आणि तासा-दोन तासांत तळाशी बारीक साका बसतो. गरम पाण्यात विरघळलेली टॅनिनं थंडपणात प्रथिनांना आणि अल्कलॉइडांना धरून बसतात आणि न विरघळणारे कण तयार होतात. हे नासणं नव्हे. पण औषधाचा काही भाग त्या साक्यात गेलेला असतो, म्हणून वरचं निवळ पाणी पिऊन गाळ फेकून देणाऱ्याला अर्धंमुर्धं औषध मिळतं. काढा पिण्याआधी ढवळावा तो यासाठी.

पुढच्या काही तासांत रंग आणखी गडद होतो. हवेतला ऑक्सिजन टॅनिनांशी आणि इतर फिनॉलयुक्त द्रव्यांशी संयोग पावतो. बाटली अर्धी रिकामी असेल तर वरच्या पोकळीतली हवा हे काम जोरात करते. सुगंधी द्रव्यांचं तर याहून लवकर संपतं. तुळशीतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीचं तेल ही उडून जाणारी तेलं आहेत. त्यातला मोठा भाग उकळतानाच वाफेबरोबर जातो आणि उरलेला उघड्या भांड्यातून जात राहतो. म्हणूनच सुगंधी वनस्पतींसाठी जुन्या वैद्यांनी काढ्याऐवजी फांट किंवा हिम सुचवले. उन्हाळ्यात आपण घेतो ते धण्याचं पाणी हे हिमाचं घरगुती उदाहरण आहे. तुळशीचा काढा दुसऱ्या दिवशी पिणाऱ्याला तुळशीची चव मिळते, पण ज्या तेलासाठी तुळस घातली ते फारसं उरलेलं नसतं.

मग येतात सूक्ष्मजीव. काढा उकळलेला असतो, मग त्यात जंतू कुठून येणार, असं अनेकांना वाटतं. उकळण्याने वाढत्या अवस्थेतले बहुतेक जिवाणू मरतात हे खरं, पण बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीतूनही जिवंत बाहेर पडतात. हे जिवाणू मातीत राहतात आणि औषधी मुळं-साली मातीतूनच येतात. रुग्णालयात शस्त्रक्रियेची अवजारं वाफेच्या दाबाखाली 121 अंशांवर ठेवतात ती या बीजाणूंना मारण्यासाठीच. घरच्या पातेल्यात ते तापमान कधीच गाठलं जात नाही. काढा कोमट झाला की बीजाणूंना जाग येते. शिवाय गाळणं, फडकं, चमचा, बाटलीचं तोंड आणि हवा यांतून नवे पाहुणे येतात ते वेगळेच.

5 ते 60 अंश सेल्सियस हा पट्टा जिवाणूंच्या वाढीचा. आपल्याकडचं स्वयंपाकघर वर्षभर या पट्ट्याच्या मधोमध असतं. पोषक द्रवात जिवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते असं धरलं, तर एका जिवाणूपासून आठ तासांत पासष्ट हजारांहून अधिक होतात. वीस मिनिटांत दुप्पट होत असेल तर हाच आकडा दीड कोटीच्या पुढे जातो. काढा हे त्यांचं सर्वांत आवडतं अन्न नाही, टॅनिनं त्यांना काही प्रमाणात रोखतात, म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो. पण दिशा तीच असते.

इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. कडू काढा नासत नाही असं पुष्कळ लोक मानतात. किराईत, कुटकी, कडुनिंब यांच्या कडूपणापुढे बुरशी टिकणारच नाही, असा त्यांचा विश्वास असतो. बुरशीला कडूपणाचं काही वाटत नाही. अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी तर टॅनिनच पचवते. त्यासाठी लागणारं विकर तिच्याकडे आहे. त्रिफळ्याच्या किंवा अर्जुनाच्या शिळ्या काढ्यावर कडेने जी पांढुरकी, मग हिरवट-काळी साय धरते ती बहुधा याच कुळातली. काही बुरश्या जी विषं सोडतात ती उकळण्याने नष्ट होत नाहीत. बॅसिलस सीरियस या जिवाणूचं उलटी करवणारं विषही पुन्हा उकळल्याने जात नाही. त्यामुळे शिळा काढा पुन्हा खळखळून उकळला की शुद्ध झाला, ही समजूत धोक्याची आहे. जंतू मरतात, त्यांनी सोडलेलं विष तसंच राहतं.

आयुर्वेदाची परंपरा याच निष्कर्षावर वेगळ्या वाटेने आली. थंड झालेला काढा पुन्हा तापवून पिणं तिने विषासमान मानलं. वाग्भटाने अष्टांगहृदयात तर उकळून गार केलेल्या साध्या पाण्याबद्दलही सांगितलं आहे की ते हलकं आणि हितकर असतं, पण रात्र उलटून शिळं झालं की तिन्ही दोष बिघडवतं. पाण्याबाबत जर इतका कडक नियम, तर अन्नद्रव्यांनी भरलेल्या काढ्याबाबत काय म्हणायचं! जिवाणू हा शब्द तेव्हा नव्हता. निरीक्षण मात्र पक्कं होतं.

भांडं कोणतं, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा. हिरड्याचं उदाहरण घ्या. जुन्नर-आंबेगाव भागातल्या आदिवासी कुटुंबांना उत्पन्न देणारा हा हिरडा औषधात जातो तसा कातडी कमावायलाही जातो, आणि लोखंडाच्या क्षारांबरोबर त्याची काळी शाई होते. म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, अर्जुन, खैर, बाभूळ यांपैकी काहीही लोखंडी कढईत उकळलं तर आपण औषधाऐवजी शाईच करत असतो. काढा काळाभोर होतो आणि टॅनिनचा मोठा भाग लोहाशी बांधला जातो. काढा किंचित आम्ल असतो, त्यामुळे कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातून तांबं त्यात उतरतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही नको. उकळायला स्टील किंवा मातीचं भांडं, ठेवायला काच किंवा स्टील, याहून वेगळा विचार करण्याची गरज नाही. पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत गरम काढा ओतणं हे तर सर्वांत वाईट. या बाटल्या 70 अंशांच्या आसपासच मऊ पडतात, त्यांच्या ओरखड्यांत आधीचा गाळ बसलेला असतो आणि त्या कधीच धड स्वच्छ होत नाहीत.

थर्मासबद्दलही लोक विचारतात. काढा थर्मासमध्ये 60 अंशांच्या वर राहिला तोवर ठीक. पण सकाळी भरलेला थर्मास दुपारपर्यंत त्याखाली येऊ शकतो, आणि मग तो जिवाणूंना हवी तशी ऊब कितीतरी तास देत राहतो. डब्याबरोबर थर्मासमधून काढा न्यायचाच असेल तर उकळत्या पाण्याने आधी धुतलेल्या थर्मासमध्ये कढत काढा भरावा आणि दोन-तीन तासांत संपवावा.

आणखी एक धोका फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. मुरंब्यासारखा काढाही गरम असताना बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावलं तर महिनाभर टिकेल, असं काही जणांना वाटतं. मुरंबा टिकतो तो साखरेमुळे, लोणचं टिकतं ते मीठ, आम्ल आणि तेलामुळे. काढ्यात यातलं काहीच पुरेसं नसतं. अनेक काढ्यांचा सामू म्हणजे पीएच 4.6 च्या वर असतो, आणि हवा काढून घेतलेल्या, कमी आम्लाच्या बंद बाटलीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा अतिशय घातक जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणूही उकळीतून वाचतात. घरी काढ्याची अशी बाटलीबंदी कुणीही करू नये.

मग दुकानात मिळणारा काढा वर्षानुवर्षं कसा टिकतो? त्याची उत्तरं दोन आहेत आणि बाटलीवरचं लेबल वाचलं तर कोणतं उत्तर वापरलं आहे ते कळतं.

पहिलं उत्तर प्रिझर्व्हेटिव्हचं. केरळमधले कषाय आणि इतर अनेक प्रवाही काढे घट्ट आटवून त्यात सोडियम बेंझोएट किंवा पॅराबेन घालतात. बेंझोएटचं काम सामूवर अवलंबून असतं. सामू 4.2 असेल तर त्यातला निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो, सामू 5.2 झाला तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो आणि 6.2 ला शंभरावा. म्हणजे तेवढंच बेंझोएट एका काढ्यात उत्तम काम करतं आणि दुसऱ्यात जवळजवळ नुसतं पडून राहतं. चांगला उत्पादक प्रत्येक काढ्याचा सामू मोजून मगच प्रमाण ठरवतो. घरच्या काढ्यात चिमूटभर बेंझोएट टाकून तो टिकवण्याची कल्पना म्हणूनच फसवी आहे. आणि बाटली एकदा उघडली, चमचा आत बुडला, तोंड लावून घोट घेतला, की कारखान्याने दिलेली हमी संपते. बाटलीवरची तारीख बंद बाटलीची असते. उघडलेली बाटली लेबलवर सांगितलेल्या मुदतीत, आणि तसं काही लिहिलं नसेल तर साधारण महिन्याभरात संपवलेली बरी.

दुसरं उत्तर आपल्या परंपरेचं आहे, आणि मला ते फार थोर वाटतं. काढा नासतो तो पाण्यामुळे, हे ओळखून वैद्यांनी त्या पाण्याचीच सोय लावली. काढा आटवत आटवत पार घट्ट केला, पाणीच काढून टाकलं, की घन होतो; गुळवेलीच्या घनापासून केलेली संशमनी वटी हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. काढ्यात भरपूर साखर किंवा गूळ घालून शिजवलं की अवलेह होतो. पाणी असतं, पण साखरेने ते इतकं धरून ठेवलेलं असतं की जंतूंच्या वाट्याला येत नाही. तेला-तुपात काढा आणि कल्क घालून पाणी उडेपर्यंत शिजवलं की सिद्ध तेल, सिद्ध तूप होतं. आणि काढ्यात गूळ किंवा साखर, धायटीची फुलं घालून तो भांड्यात मुरवत ठेवला की अरिष्ट होतं.

या प्रत्येकाची परीक्षा काय होती ते पाहावं. अवलेहाला तार सुटली पाहिजे, पाण्यात टाकलेला थेंब न विरघळता तळाशी गेला पाहिजे, बोटाने दाबल्यावर ठसे उमटले पाहिजेत. तेल तयार झालं का हे पाहायला त्यातल्या कल्काची वात वळून विस्तवावर धरायची. चरचर आवाज आला तर आत पाणी आहे, पाक अजून कच्चा आहे. आवाज न होता वात जळली की तेल उतरवायचं. अरिष्टाच्या भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी नेली आणि ती विझली तर आंबणं चालू आहे, कारण कर्बवायू बाहेर पडतो आहे. काडी जळत राहिली तर संधान म्हणजे आंबणं पूर्ण झालं. आज प्रयोगशाळेत पाण्याची क्रियाशीलता, म्हणजे जंतूंच्या वाट्याला किती पाणी येतं, हे मोजायला यंत्र वापरतात; त्याच प्रश्नाचं उत्तर हे वैद्य कानाने आणि बोटाने काढत होते.

अरिष्टात सूक्ष्मजीवांनाच कामाला लावलं आहे. यीस्ट गुळातली साखर खाऊन मद्यार्क तयार करतं, आणि ठरावीक प्रमाणानंतर तोच मद्यार्क इतर जंतूंना आत येऊ देत नाही. वनस्पतीतली पाण्यात न विरघळणारी काही द्रव्यंही मद्यार्कात उतरतात. दुकानातल्या पुष्कळ बाटल्यांवर काढा असं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात स्वयंनिर्मित मद्यार्काचं प्रमाण लिहिलेलं असतं. तो काढा मग अरिष्टाच्याच वाटेने टिकवलेला असतो. मद्य वर्ज्य असलेल्यांनी, यकृताच्या रुग्णांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी ही ओळ जरूर वाचावी.

शार्ङ्गधर संहितेत औषधांचा टिकाऊपणाही स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होतं, गोळ्या आणि अवलेह एका वर्षानंतर. आसव-अरिष्टं मात्र जुनी होतील तशी गुणवान होतात. आपल्या देशातल्या औषध नियम, 1945 मधला 161-ब हा नियम आज चूर्णाला 2 वर्षं, प्रिझर्व्हेटिव्ह घातलेल्या प्रवाही क्वाथाला 3 वर्षं आणि आसव-अरिष्टाला 10 वर्षं देतो. चूर्णाच्या मुदतीतला फरक पाहून दचकायला होतं, पण त्यात वैद्यांचं चुकलं असं नाही. शार्ङ्गधराच्या काळी चूर्ण कापडात किंवा मडक्यात राहत होतं. आज ते हवाबंद, ओलावा न शिरणाऱ्या पाकिटात येतं. पाकीट फोडून चूर्ण स्वयंपाकघरातल्या डब्यात ओतलं की आपण पुन्हा शार्ङ्गधराच्या काळात येतो. उघडलेलं चूर्ण दोन-तीन महिन्यांत संपवावं हा नियम आजही पाळण्याजोगा आहे.

आता भरडीकडे, कारण खरी साठवण तिची करायची आहे. भरड जाडसर कुटलेली असते. बारीक चूर्णापेक्षा तिचा हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग कमी, म्हणून ती अधिक टिकते. तिचे शत्रू तीन : ओलावा, ऊन आणि किडे. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 85 टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत उघडी राहिलेली भरड काही दिवसांत मऊ पडते, मूठ दाबली की गोळा होतो, आणि मग बुरशी येते. भरडीला बुरशीचा वास आला तर ती पूर्ण टाकून द्यावी. उन्हात वाळवून किंवा उकळून ती वापरण्यायोग्य होत नाही, कारण अफ्लाटॉक्सिनसारखी बुरशीची विषं उकळीला दाद देत नाहीत. विदर्भात याच्या उलट. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर जातो, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत त्याहून जास्त. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक बदलांचा वेग दुपटीच्या आसपास वाढतो. उन्हाळ्यात कुरिअरने आलेलं औषधाचं पार्सल दिवसभर गच्चीवर किंवा गाडीत पडून राहू देऊ नये, ते या हिशोबाने. आणि तिसरा शत्रू म्हणजे तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगा. स्टेगोबियम पॅनिसियम हा त्यातला एक. तो सुंठ, धणे, हळद, मुळं सगळं पोखरतो. डब्याच्या तळाशी बारीक पीठ पडलेलं दिसलं की समजावं.

चरकाने कल्पस्थानात औषधं ठेवण्याच्या घराचं वर्णन केलं आहे. दार पूर्वेला किंवा उत्तरेला, वाऱ्याचा थेट झोत नाही पण हवा खेळती, आणि आग, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर, जनावरं यांपासून दूर; औषधं नीट झाकून शिंक्यात टांगलेली. सुश्रुताने कापडात, मातीच्या भांड्यात, फळीवर आणि खुंटीवर औषधं ठेवायला सांगितलं. पूर्व-उत्तरेच्या दारातून दुपारचं तापलेलं ऊन आत येत नाही, शिंक्याला जमिनीची ओल आणि उंदीर लागत नाहीत. आजच्या घरात याचा अर्थ इतकाच : गॅसच्या वरच्या फळीवर औषध नको, सिंकखालच्या कपाटात नको, खिडकीत तर नकोच. झोपायच्या खोलीतलं बंद कपाट बरं. घट्ट झाकणाची काचेची किंवा स्टीलची बरणी, कोरडा चमचा, एका वेळी पंधरा दिवसांची भरड बाहेर आणि उरलेली सीलबंद, एवढं केलं तरी पुरे.

सगळीच औषधं ताजी चांगली असंही नाही, आणि ही बारकाई शार्ङ्गधराने टिपली आहे. गुळवेल, अडुळसा, कुडा, शतावरी, अश्वगंधा अशा काही वनस्पती नेहमी ओल्याच वापरायला त्याने सांगितल्या. याउलट वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध ही जुनीच श्रेष्ठ. अंगणात किंवा गॅलरीत गुळवेल चढवलेली असेल तर साठवणीचा प्रश्नच संपतो. बोटभर जाडीचं खोड तोडावं, ठेचावं, उकळावं.

काढ्यात मध, गूळ किंवा खडीसाखर घालायची असेल तर ती पिण्याच्या क्षणी पेल्यात घालावी. आयुर्वेदात याला प्रक्षेप म्हणतात आणि तो आयत्या वेळीच घालायचा असतो. साखर 66 टक्क्यांच्या आसपास असेल तर पाक टिकतो, पण दोन चमचे मध घातलेल्या काढ्यात तिचं प्रमाण इतकं कमी असतं की ती टिकवणारी न राहता जंतूंचा खाऊ होते. असा काढा लवकर फसफसू शकतो.

रोजची तजवीज अशी करता येते. रात्री झोपताना भरड पाण्यात भिजत घालावी. भिजलेली भरड सकाळी लवकर उकळते आणि जास्त सत्त्व सोडते. उन्हाळ्यात भिजवलेलं भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी झाकण न ठेवता, मंद आचेवर दोन्ही वेळचा काढा एकदम करावा. सकाळचा भाग गरम असतानाच प्यावा. संध्याकाळचा भाग उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटलीत गाळावा, बाटली थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून पटकन गार करावी आणि फ्रिजच्या आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवावी. फ्रिजचं दार सारखं उघडतं, तिथलं तापमान सर्वांत अस्थिर असतं. संध्याकाळी तेवढाच भाग पेल्यात ओतून पेला कोमट पाण्यात काही वेळ ठेवावा, पुन्हा गॅसवर चढवू नये. उरलेला काढा झाडांना घालावा. गाळायचं फडकं रोज धुऊन उन्हात वाळवावं. घरच्या काढ्यात जंतू येण्याचं एक मोठं दार हे ओलं फडकं आहे.

4 अंशांवर जिवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही, आणि ऑक्सिजनचं काम तर चालूच राहतं. म्हणून फ्रिज हा बारा तासांचा सोबती आहे, आठवड्याचा नाही. आंबूस वास, बुडबुडे, झाकण उघडताना सुटणारा वायू, वर तवंग, चमच्याने उचलल्यावर तार धरणारा द्रव, यांतलं काहीही दिसलं तर चव घेऊनही पाहू नये. आणि हेही लक्षात असावं की यांतलं काहीच दिसत नसतानाही काढा बिघडलेला असू शकतो. जिवाणू खूप वाढेपर्यंत द्रव डोळ्यांना नेहमीसारखाच दिसतो. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्क माणसं, मधुमेही आणि केमोथेरपी घेणारे रुग्ण यांच्यासाठी असा बिघडलेला काढा जिवावर बेतू शकतो, आणि अनेकदा काढा नेमका अशाच माणसांच्या घरांमध्ये चालू असतो.

इतकं करूनही रोज काढा करणं जमणार नसेल, तर तसं वैद्यांना पहिल्याच भेटीत सांगा. त्याच औषधाची वटी, घन, अरिष्ट किंवा अवलेह यांतलं काहीतरी ते देऊ शकतात, आणि मात्रा त्यानुसार बदलतात. ती बदलण्याचं काम आपण मनाने करू नये. जुनी भरड घरात पडून असेल तर आजच डबा उघडून वास घ्या, तळाचं पीठ पाहा, आणि फ्रिजच्या दारातली ती बाटली ओतून टाका.